क्रूर बाप हवा आहे

माझ्या बाबांना रागावता येत नाही. म्हणजे अजिबातच नाही. उभी हयात चष्म्याच्या दुकानात "सावकाश, आता खालची ओळ वाचा" म्हणण्यात गेली, राग येणार कुठून? एकदा एक गिऱ्हाईक स्वतःच्याच नव्या चष्म्यावर बसलं आणि वर दुकान डोक्यावर घेतलं, तर बाबांनी त्यालाच पाणी विचारलं. आणि मला हवा होता क्रूर बाप. तोही संध्याकाळच्या आत.

झालं असं, की फिल्मच्या वर्गात माझी आधीची फिल्म बघून सर म्हणाले होते, "तुझ्या फिल्ममधली माणसं एकमेकांना किती सांभाळून घेतात! ही फिल्म आहे की आभारप्रदर्शन?" पुढचीही अशीच मिळमिळीत निघाली, तर वर्गातून माझं नाव कमी होणार होतं. आणि ती पुढची आजच पाठवायची होती. बरा कॅमेरा घरात एकच, ताईच्या फोनचा, तोही तिने दिवसापुरता दिलेला. संध्याकाळी ताई कामावरून आली की फोन तिच्या ताब्यात.

गोष्ट सोपी होती. मुलगी घर सोडून निघते, बाप ओरडतो, "नीघ इथून! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!" आणि मुलगी जाते. बापाचं काम करणाऱ्याने सकाळी "घसा बसलाय" असं कळवलं आणि हात झटकले. मुलगी मीच होणार होते. म्हणून मग बाबा.

"नीघ इथून," तालमीत बाबा म्हणाले. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." मग जरा थांबून, "पोचलीस की फोन कर."

"बाबा! फोन कर कुठून आलं मध्येच?"

"तोंडातून निघून गेलं गं."

दुसऱ्यांदा त्यांनी "जेवून जा" जोडलं. तिसऱ्यांदा वाक्य अगदी बरोबर म्हटलं, पण म्हणता म्हणता माझ्या बॅगेची उघडी चेन लावून दिली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, जरा तरी वाईट वागा ना! माझ्यासाठी एवढंही जमत नाही तुम्हाला?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "करतोय ना प्रयत्न. तुझं नाव कमी झालेलं मला बघवेल का?"

हे सगळं चाललेलं असताना लंबू घरातले आवाज बंद करत फिरत होता. लंबू माझ्या वर्गातला. उंची शिडीएवढी आणि काळीज चिमणीएवढं. कॅमेरा त्याच्याकडे आणि आवाजाची बाजूही त्याच्याकडेच. त्याने पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ गोधडीत गुंडाळून कपाटात कोंबलं. घरात इतकी शांतता झाली की मला बाबांचं पोट गुरगुरलेलं ऐकू आलं.

"चला, आता खरंच घेऊ," मी म्हटलं. "लंबू, फोन."

लंबूने खिसे चाचपले. टेबल पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी नीट ठेवला होता," तो म्हणाला.

"कुठे?"

"तेच आठवत नाहीये. पण नीट ठेवला होता."

"रिंग देऊन बघ," बाबा म्हणाले.

कसली रिंग देता! मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून मीच तो फ्लाइट मोडवर टाकला होता. मग आम्ही गाद्या उलट्या केल्या, उशांचे अभ्रे काढले, धुण्याच्या बादलीत हात घातले. घराची पार रया गेली. फोनचा पत्ता नाही. लंबू तर जिथे आधी बघितलं तिथेच पुन्हा पुन्हा बघत होता. मला रडू यायला लागलं. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "संपलं. काढा माझं नाव."

ते ऐकलं आणि बाबांचं काहीतरी बिनसलं. ते लंबूकडे वळले.

"एक वस्तू सांभाळायला दिली, ती धड सांभाळता येत नाही? पोरीचं वर्ष जाईल, कळतंय का? नीघ इथून! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!"

बाई बाई बाई! काय तो आवाज, काय ते डोळे! मानेची शीर टरारून फुगली होती. मघापासून जे मागून मागून माझा जीव गेला, ते सगळं समोर उभं होतं. आणि टिपायला फोन नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

बाबा स्वतःच्याच आवाजाला घाबरले. कपाळाचा घाम पुसत ते थंड पाणी घ्यायला गेले, फ्रीज उघडला आणि तसेच थबकले. दुधाच्या पातेल्याशेजारी, टोमॅटोंच्या डोक्यावर, ताईचा फोन.

"आठवलं!" लंबू ओरडला. "सरांनीच शिकवलंय ना! फ्रीज बंद केला की लोक नंतर तो चालू करायला विसरतात आणि आतलं सगळं नासतं. म्हणून जिच्याशिवाय घरी जाता येणार नाही अशी वस्तू आत ठेवायची."

"अरे शहाण्या, किल्ल्या ठेवतात किल्ल्या! ज्याच्यावर शूटिंग करायचं तोच फोन ठेवतात का?"

"किल्ल्या मी विसरून जातो," लंबू म्हणाला. "फोन नाही विसरत."

कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती. बाबांनी खिशातलं चष्म्याचं फडकं काढून पुसली, पुन्हा धरली. ती जायची वाट बघत बसलो, तेव्हा माझ्या डोक्यात आलं. बाबांना माझ्यावर रागावता येत नाही, पण लंबूवर येतंय की! मग मुलगी दाखवायचीच कशाला? कॅमेरा म्हणजेच मुलगी. लंबू फोन छातीशी धरून उभा राहील आणि बाबा त्याच्यावर ओरडतील.

"बाबा, टोमॅटो आठवा," मी सांगितलं. "ॲक्शन!"

बाबांनी आठवले. जे सुटले ते सुटलेच. "एक काम धड होत नाही! डोक्यात काय भरलंय? नीघ इथून! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस! तोंड बघायचं नाही मला!"

शेवटचं वाक्य तर लिहिलेलंही नव्हतं. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. पण लंबूचा खालचा ओठ थरथरला. एकाच दुपारी एकाच घरातून दोनदा हाकललं जाणं त्याला झेपलं नाही. तो वळला, दार उघडलं आणि निघून गेला. फोनसकट.

बाबा अनवाणीच धावले. जिन्यात धपधप आवाज, मग बाबांचा. शेवटी बाबा लंबूचा कोपर धरून त्याला वर घेऊन आले आणि आधी त्याच्या हातात एक केळं दिलं.

"फोन बंद करायचा राहिला," लंबू नाक ओढत म्हणाला. "चालूच होता."

आम्ही तिघं खाटेवर बसून बघायला लागलो. बाबांचा संतापलेला चेहरा. मग दार. मग हलणारा, डुगडुगणारा जिना. मागून हाक येते आणि कॅमेरा वळतो. बाबा कठड्याला धरून उतरतायत, एक पायरी चुकते, चष्मा नाकावरून घसरतो, तो सावरायचंही भान नाही. "थांब बाळा. माझं चुकलं. रागाच्या भरात बोललो. जाऊ नकोस. घरी चल."

लंबू त्यात कुठेच दिसत नव्हता. बाबा सरळ माझ्याकडे बघून बोलत होते. मी खरंच घर सोडून निघाले असते तर हा माणूस असाच धावला असता, हे मला आधीही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

बाबा चिंतेत पडले होते. "जिन्यातलं काप हं. तिथे मी ढिला पडलो. तेवढं सोडलं तर... दिसलो ना मी वाईट बाप?"

"अगदी नालायक," मी म्हटलं.

"खरंच?" बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी लंबूच्या पाठीवर थाप मारली, त्याला दुसरं केळं दिलं आणि आरशासमोर जाऊन पुन्हा एकदा भुवया चढवून पाहिल्या. ते तिकडे वळलेले असतानाच मी फिल्म पाठवून दिली, जिन्यासकट.