झोपलेल्या माणसाचं माप

शालनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माप घेताना माणूस सरळ उभा पाहिजे, वर्षाली." त्या आमच्या पॅकिंग लाइनवरच्या. चहाच्या सुट्टीत मला विणकाम शिकवायच्या. मी मान डोलावली आणि घरी जाऊन झोपलेल्या नवऱ्याचं माप घेतलं.

दुसरं करणार काय? आमच्या अजिंक्यरावांची महाळुंग्याला तिसरी शिफ्ट, माझी आकुर्डीत दुसरी. सकाळी ते येतात, पेंगत पेंगत दोन घास खातात आणि आडवे होतात. ते उठायच्या आत मी निघते, मी परतते तेव्हा ते गेलेले. सुट्ट्या होत्या, माझी गुरुवारी, त्यांची रविवारी. त्या ओव्हरटाइमनं गिळल्या. नवरा घरात आहे आणि मला त्याची भयंकर आठवण येते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. निदान माझ्या हातचं काहीतरी त्यांच्या अंगावर असावं, म्हणून हा स्वेटर.

ते कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपतात. मी हळूच वीत टेकवत मोजलं. पाठ आली मांड्यांपर्यंत, पुढचा भाग बेंबीच्या वर. पलंगाबाहेर लोंबणाऱ्या हाताची बाही लांब, उशीखाली दुमडलेल्या हाताची आखूड. त्यात नजर सुयांवर ठरेल तर ना! त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता टाके गळायचे, सुलटाच्या जागी उलट पडायचे. उसवून उसवून लोकर पार पिंजून गेली.

"अगं, उठव की त्याला!" शालनबाई वैतागायच्या.

"जिवावर येतं हो."

काल निघायच्या आधी दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि असा संताप आला, की सुया ओढून काढल्या आणि सगळं पिशवीत कोंबलं. खड्ड्यात गेला तो स्वेटर! हात रिकामे झाले आणि एकदम रडूच फुटलं. मी त्यांना गदागदा हलवलं.

ते दचकून उठले. "काय झालं? गावाकडनं फोन आला का?"

"नाही."

"मग माप घ्यायचंय? थांब, उभा राहतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज वीत लावतेस, कळणार नाही व्हय?"

"मग सरळ का नाही झालात? सगळा स्वेटर वाकडा झाला!"

त्यांनी डोळे चोळले. "मी जागा आहे म्हटल्यावर तू हात काढून घेतला असतास."

माझ्या बसची वेळ झाली होती. मी चपला काढल्या आणि पलंगावर त्यांच्याशेजारी बसले.

"स्वेटर होणार नाही आता," मी म्हटलं. "माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

ते नव्या सुपरवायझरचं काहीतरी सांगायला लागले. मधेच शब्द जड व्हायचे, मान खांद्यावर कलायची. मी दर वेळी त्यांना हलवून जागं करत राहिले.