वजा दहा

मी बोलतेय, कारण कुणीतरी एकदाचं बोलायलाच हवं होतं. मोजमापाची पिवळी टेप मी. ओढली की बाहेर येते आणि बटण दाबलं की सर्रकन आत जाते, ती. डब्यावर पाच मीटर लिहिलंय, पण तेवढी आता राहिले नाही. ते का, ते सांगतेच, पण आधी माझं खानदान ऐकून घ्या.

कारखान्यात माझ्या अंगावर एकेक रेघ छापून झाली, तेव्हा चष्मेवाल्या तपासनिसाने मला लांब ओढून भिंगातून पाहिलं आणि "एकदम चोख" म्हणून बाजूला ठेवलं. मला वाटलं, चला, आता पूल मोजायचे, मोठाल्या इमारती मोजायच्या. गेले कुठे? तर एका निवृत्त हेडक्लार्कच्या खिशात.

साहेबांनी चौतीस वर्षं कचेरीत फायली सांभाळल्या. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना हत्यारांची पेटी भेट दिली. त्यात हातोडी, पाने, करवत, ड्रिल आणि मी. देणारे देऊन मोकळे झाले, भोगायचं आम्ही. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत साहेब म्हणाले, "आता जरा घराकडे बघतो." घर बिचारं तीस वर्षं कुणी न बघता छान उभं होतं.

त्यांची बायको शाळेत गणिताची बाई होती, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते. त्यांचं मत वेगळं. "घर काय पळून जातंय? गुडघे चालतायत तोवर डोंगर बघू, तळी बघू." शेवटी दोघांत तह झाला. दर बुधवारी डबा नि थर्मास घेऊन सहल, बाकीचे दिवस घराची दुरुस्ती. म्हणजे आठवड्यातून एक दिवस घराला सुट्टी.

दुरुस्तीत साहेबांनी काय दिवे लावले ते विचारू नका. गळणारा नळ त्यांनी असा दुरुस्त केला, की तो गळायचा थांबला आणि वाहायला लागला. आरसा असा बसवला, की त्यात माणसाला फक्त छत दिसावं. आणि दर वेळी हातात मी. मी एकशे बावीस दाखवायचं, साहेब म्हणायचे, "साधारण सव्वाशे." अहो, साधारणच हवं होतं तर वितीने मोजायचंत! माझी कंबर कशाला ओढलीत?

कामाची पद्धत मात्र कचेरीची. साहेब मोजून आकडा पुकारायचे, बाई तो वहीत लिहायच्या, आणि वही जायची लाकडाच्या दुकानात. तिथला सुतार वहीप्रमाणे फळ्या कापून द्यायचा. साहेबांचा चौतीस वर्षांचा बाणा असा, की कागदावर आहे तेच खरं. आकडा एकदा वहीत उतरला, की आपण तोंडाने काय पुकारलं होतं हे त्यांना आठवतही नसे.

सहलीलाही मला सुटका नव्हती. समोर हिरवीगार दरी, खाली ढग, आणि हा माणूस कठड्याची उंची मोजतोय. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "दरी किती खोल आहे, तेही सांगून टाका."

"पाच मीटरच्या वर आहे," साहेब म्हणाले. अगदी गंभीरपणे.

माझा घात झाला तो धबधब्यापाशी. धुकं दाट, धबधब्याचा नुसता आवाज. तेवढ्यात साहेबांना रस्त्याकडेला एक जुनी फळी दिसली. ती गाडीत मावेल का, हे बघायला त्यांनी मला डिकीत आडवं धरलं. इतक्यात धुकं फाटलं. बाई ओरडल्या, "अहो, दिसतोय, दिसतोय, चला!" आणि धाडकन डिकी लावली. माझं टोक आत, मी बाहेर. साहेबांनी ओढलं आणि मी तुटले. टोकाचा हूक आणि सात सेंटिमीटर डिकीत राहिले, पुढचे तीन चुरगळले. साहेब मला हातात घेऊन उभे राहिले. बाई धबधबा सोडून माझ्याकडे बघत होत्या. "नवी घेऊ या," त्या हळूच म्हणाल्या.

"कशाला? दहापासून पुढे चांगली आहे. दहाच्या रेघेवरून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच, की वजा करायला आठवावं लागतं.

पुढचं काम होतं दाराशेजारच्या भिंतीवर पुस्तकांसाठी चार फळ्या. भिंत होती नव्वद सेंटिमीटर. दहापासून धरल्यामुळे माझ्यावर आले शंभर. साहेबांनी पुकारलं, "शंभर!" बाईंनी लिहिलं, सुतारानं कापलं, साहेबांनी ठोकलं. चारही फळ्या दहा दहा सेंटिमीटर दारात आल्या. दार अर्ध्यावर येऊन थांबायचं, आणि त्या दिवसापासून त्या घरात माणसं आडवी होऊन शिरायची. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "पोट आत घ्या, व्यायाम होतो."

गणिताच्या बाईंना चूक कळायला कितीसा वेळ? पण बोलतील कोणत्या तोंडाने? डिकी लावली होती त्यांनीच. त्यांनी आपलं आपणच ठरवलं, की यापुढे साहेब जे पुकारतील त्यातून दहा वजा करून लिहायचे. अक्षरही न बोलता. मुकाट्याने काम झालं, की घरात भांडण होत नाही म्हणे. थांबा, बघूच.

मग बाईंचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी चढउतार बंद केली. सोफा खोल, त्यात बसलं की उठायला साहेबांनी हात द्यायचा. बुधवार घरातच जायला लागले. बाई सोफ्यातून मान वर करून मागच्या खिडकीकडे बघायच्या. तिथून डोंगर दिसतो, पण उभं राहिलं तर.

हे सगळं लेकीने पाहिलं. आडवी होऊन आत शिरतानाच तिचा पारा चढला होता. "बाबा, हे दार बघा! आणि तुम्ही बाहेर गेलात आणि आई सोफ्यात अडकली तर? बस झालं आता. घर बंद करा आणि दोघं आमच्याकडे राहायला चला."

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?" बाईंनी विचारलं.

"समोरच्या इमारतीची खिडकी," लेक म्हणाली. पोर खोटं बोलत नाही, एवढं मानलं पाहिजे. मग जरा नरमून म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. तू कुणाचा हात न धरता बसलीस नि उठलीस, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर बॅगा भरायच्या."

ती गेल्यावर साहेबांनी त्या चारही फळ्यांच्या दारात आलेल्या टोकांवरून हात फिरवला. नंतर मला खिशातून काढलं आणि बॉलपेनने माझ्या पाठीवर लिहिलं, 'वजा १०'. पुन्हा चूक करायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बायकोला बोलले का? छे! चूक कबूल करायची म्हणजे केवढा खर्च माणसाचा!

बुधवारी साहेब म्हणाले, "गाडीत बस. तळ्यावर जाऊ." त्या तळ्याच्या काठी, अगदी रस्त्याला लागून, सिमेंटचा एक बाक आहे. दुखऱ्या गुडघ्यानेही बाई त्यावरून झटक्यात उठल्या होत्या. साहेबांच्या डोक्यात आलं होतं, की नेमक्या त्याच उंचीचं बाकडं मागच्या खिडकीशी करायचं. माणूस चौतीस वर्षांत पहिल्यांदा हुशार झाला होता, आणि नेमकं तेव्हाच पुढचं सगळं घडलं.

साहेबांनी मला बाकाला उभं लावलं. खाली दहाची रेघ, वर आले पंचावन्न. साहेबांनी डोळे मिटून, ओठ हलवून वजाबाकी केली आणि ऐटीत पुकारलं, "पंचेचाळीस!"

बाईंनी बोटं न मोडता दहा वजा केले आणि वहीत लिहिलं, पस्तीस.

मी ओरडत होते हो! पण टेपचं कोण ऐकतंय? साहेबांनी बटण दाबलं आणि मी आत.

दुकानात सुतारानं वही पाहून विचारलं, "साहेब, बाकडं लहान मुलांसाठी आहे का?"

"वहीत आहे तेवढंच काप," साहेब म्हणाले. कागदावर आहे तेच खरं.

शनिवारभर साहेबांनी बाकडं जोडलं, घासलं, रंग दिला. त्यांना ते बुटकं वाटलं नाही का? वाटलं असेल. पण वहीपुढे डोळ्यांचं काय चालणार?

रविवारी सकाळी बाई खिडकीशी आल्या. "बसा," साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोला अहो-जाहो केलं असेल. बाई बसायला लागल्या. बसतायत, बसतायत, बाकडं काही येईना. आलं तेव्हा गुडघे छातीशी होते. समोर डोंगर नाही, खिडकीखालची भिंत.

"उठवा मला," बाई म्हणाल्या. साहेबांनी ओढलं, जमेना. शेजारी बसून खांदा लावू म्हणाले, बसले, आणि आता दोघंही उठेनात. तेवढ्यात किल्ली फिरल्याचा आवाज आला. लेक आडवी होऊन आत आली.

तिने दोघांना पाहिलं. हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "म्हणूनच म्हणते ना मी," ती म्हणाली.

साहेब बाकड्यावरूनच म्हणाले, "मी या वेळी वजा केले होते गं. शपथेवर. दहा वजा केले होते."

बाईंनी मान वळवली. "तुम्ही केलेत? मग मीही केले की! फळ्यांपासून ठरवलं होतं."

"तू का केलेस?"

"तुम्ही विसरता म्हणून! आणि टेप मी तोडली म्हणून."

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही बोललात?"

त्या बुटक्या बाकड्यावर गुडघे छातीशी घेऊन दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायलाही. साहेबांनी त्यांचा हात धरला. तो उठवायला नव्हता.

"फक्त दहा सेंटिमीटर कमी पडतायत," बाई डोळे पुसत लेकीला म्हणाल्या. "तेवढे दे, मग काय ती परीक्षा घे."

लेकीने इकडे तिकडे पाहिलं. घरात जास्तीचे दहा सेंटिमीटर कुठे आहेत, हे तिच्या पोटाला चांगलं ठाऊक होतं. ती वळली आणि दाराशेजारच्या फळ्यांवर थाप मारून म्हणाली, "बाबा, करवत कुठेय?"

मला पुन्हा ओढलं गेलं. फळीच्या टोकावर दहाची रेघ ठेवून लेकीने वाचलं, "वीस."

"दहा!" दोघंही बाकड्यावरून एकदमच ओरडली.

चार फळ्यांचे चार तुकडे निघाले. लेकीने आधी आईला, मग बाबांना उठवलं आणि साहेबांनी ते तुकडे बाकड्याच्या चार पायांखाली उभे ठोकून बसवले. बाई बसल्या. समोर डोंगर होता. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून, कुणाकडेही न बघता, त्या उठल्या. लेक एक शब्द बोलली नाही. जाताना दार फळ्या ठोकल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण उघडलं, तर सवयीने आडवीच होऊन गेली.

पुढच्या वेळी तिने नवी टेप आणली, मजबूत टोकाची. साहेबांनी "छान आहे" म्हणून ती खोक्यासकट खणात ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर आता कचेरीतल्यासारखा हुकूम आहे: 'यापुढे वजाबाकी बाई करतील.' खाली तारीख आणि दोघांच्या सह्या.

तेव्हा माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी टोक गेलेली एखादी टेप असेल, तर टाकू नका. फक्त वजा कोण करणार, एवढं एकदा तोंडाने बोला. आणि माझे पहिले दहा कुठे गेले असं कुणी विचारलंच, तर त्या बाकड्याखाली बघा म्हणावं.

मी असते तिथेच, खिडकीच्या खिळ्याला टांगलेली. रोज बघते. बाई उठायला लागल्या, की साहेब पेपर वाचत असल्याचं दाखवतात, पण डावा हात बाकड्यावर जरा पुढे सरकवून ठेवलेला असतो. बाई तो न धरता उठतात. मग साहेब हात मागे घेतात आणि पान उलटतात.