काकाबाबूंचा चौथरा

"काकीमा, पडदा तुम्हीच ओढायचा. दुसऱ्या कुणाचा तो हक्कच नाही," तपन म्हणाला. त्याच्यामागे क्लबची आणखी तीन-चार मुलं जिन्यात उभी होती, चपला काढून, माना खाली घालून.

कालिंदीबाई टिपणीस नुकत्याच शाळेतून आल्या होत्या. हातातली पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. तपन बंगालीत बोलत होता आणि त्याही बंगालीतच उत्तरं देत होत्या. इतक्या वर्षांत ती भाषा त्यांच्या अंगवळणी पडली होती. यजमानांच्या नावाचा चौथरा कुठे बांधताय, असं त्यांनी विचारलं. तपनने खिडकीतून खाली बोट दाखवलं.

"तिथेच. काकाबाबू पडले तिथे."

"ते रस्त्यावर पडले."

"रस्त्यावर कसा बांधणार, काकीमा? रस्त्यावरून गाड्या जातात. फुटपाथवर बांधतोय."

पोरगं अगदी मनापासून बोलत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

सियालदहच्या बाजाराकडून येणाऱ्या त्या रस्त्याला फुटपाथ होता, म्हणजे नकाशात होता. इमारतीच्या फाटकातून बाहेर पडलं की आधी निबारणची चहाची टपरी आणि तिच्यासमोर आडवं टाकलेलं बाकडं. मग गमछे-बनियनवाला. मग घाऊक बाजारातून आलेल्या रिकाम्या टोपल्यांची चळत, आणि तिच्यापुढे कुणाच्या तरी कधीच न संपणाऱ्या बांधकामाची वाळू. उरलेल्या जागेत तपनच्या क्लबची पत्र्याची खोली. माणसं चालायची ती खाली रस्त्यावरून, बसच्या अंगाला अंग घासत, आणि कंडक्टर पत्र्यावर थापा मारून त्यांनाच शिव्या घालायचे.

सदाशिवराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. बदली होऊन कलकत्त्याला आले आणि इथले होऊन गेले. निवृत्त झाल्यावर नागपूरला जायचं दोघांचं ठरलं होतं, पण त्यांचा पाय इथून निघेना. सकाळी निबारणच्या बाकड्यावर चहा, संध्याकाळी क्लबात कॅरम, पूजेच्या वर्गणीत सगळ्यांच्या आधी हात खिशात. सगळा मोहल्ला त्यांचा. त्यांचा उजवा गुडघा तेवढा त्यांचा राहिला नव्हता. फुटपाथची कड उंच होती. तिथून खाली उतरताना ते दरवेळी बाईंचा दंड धरायचे आणि काही झालंच नाही असा चेहरा करायचे.

फुटपाथबद्दलची बाईंची सगळी तक्रार त्या गुडघ्यासाठी होती. बाई चिडक्या आहेत, बाहेरच्या आहेत, त्यांना गरिबांचं पोट बघवत नाही, असं लोक म्हणत. त्यांना एवढंच हवं होतं की आपल्या नवऱ्याला फाटकापासून बसथांब्यापर्यंत खाली न उतरता जाता यावं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन उभ्या राहत. इमारतीतली मंडळी पहिल्यांदा बरोबर आली होती. क्लबच्या पोरांनी नमस्कार करून चौकशी केल्यावर पुन्हा कुणी आलं नाही. ऑफिसातले बाबू पान लावत विचारायचे, "तुमच्या बॉम्बेत फेरीवाले नसतात का?" आपण बॉम्बेच्या नाही, नागपूरच्या, हे सांगायचंही बाईंनी पुढे सोडून दिलं.

घरी आल्या की सदाशिवराव हसायचे.

"तुझी खुर्ची ठेवली असेल एव्हाना त्यांनी तिथे."

"खुर्ची कसली, उभं ठेवतात."

"अगं, पोटासाठी बसलेत बिचारे. आपण थोडं वळून गेलं तर काय बिघडतं?"

"त्यांच्या पोटापायी तुमचे पाय जायचे एखाद दिवशी."

हे वाक्य आपण बोललो होतो, हे बाई नंतर कधीच विसरू शकल्या नाहीत.

पाऊस उघडल्यानंतरची सकाळ होती. सदाशिवराव दुधाच्या डेपोवर निघाले होते. बाकड्यावर पहिल्या गाडीने आलेले हमाल चहा पीत बसले होते. पुढचं निबारणने बाईंना स्वतः सांगितलं, त्यांच्या पायांशी बसून, रडत. "मी म्हटलं, काकाबाबू, बाकडं सरकवतो. ते म्हणाले, राहू दे रे, पिऊ दे त्यांना सुखाने." आणि दुधाचा डबा हातात घेऊन ते कडेवरून खाली उतरले. त्या दिवशी धरायला दंड नव्हता. गुडघा दुमडला, आणि मागून दोन बसेस शर्यत लावून येत होत्या.

मग मोहल्ल्याने जे करायचं ते सगळं केलं. पोरांनी ड्रायव्हरला धरून बडवलं, बसच्या काचा फोडल्या, दुपारपर्यंत रस्ता अडवून धरला. हॉस्पिटलात नेताना त्यांना खांद्यावर घेऊन धावली तीही हीच पोरं. बाईंना त्यांचे उपकार नाकारता येत नव्हते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो सदाशिवरावांचाच. हमालांचा चहा सुखाने व्हावा म्हणून हा माणूस मेला, आणि त्याला जाब विचारायचीही सोय राहिली नाही.

आणि आता हा चौथरा.

बाईंनी सांगून पाहिलं. त्यापेक्षा फाटकापासून थांब्यापर्यंत माणूस चालेल एवढी वाट मोकळी करा, त्यांना तेच पोचेल, असं त्या म्हणाल्या. तपनला धक्काच बसला. निबारणदाला उठवायचं? काकाबाबूंच्या निबारणदाला? फाटकाच्या आत बांधा म्हटलं तर घरमालक तयार नव्हता. क्लबात बांधा म्हटलं तर पोरं एकमेकांकडे बघू लागली. क्लब म्हणजे कॅरमचा बोर्ड आणि चार खुर्च्या, आत चौथरा आला तर पोरं बसणार कुठे.

शेवटी रविवारी कार्यक्रम झाला. सिमेंटचा चांगला छातीएवढा चौथरा, वर संगमरवरी फरशी, तिच्यावर नाव. भिंतीपासून कडेपर्यंत त्याने फुटपाथ पुरता भरून टाकला होता. पडदा ओढायला समोर उभं राहायचं तर बाईंना रस्त्यावर उतरावं लागलं. मागून बस आली, कंडक्टरने पत्र्यावर थापा मारल्या, "आस्ते, लेडीज" म्हणून ओरडला, आणि दोघातिघांनी बाईंना धरून बाजूला ओढलं. पडदा तपननेच काढला. मग सदाशिवरावांच्या मोठ्या मनाबद्दल भाषणं झाली. त्यांनी कधी कुणाची वाट अडवली नाही, असंही एक जण म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी बाई पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेल्या. का गेल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता कुणाच्या गुडघ्यासाठी जायचं होतं? बाबूंनी पांढरं कपाळ पाहिलं, पान बाजूला ठेवलं आणि स्वतः उठून खुर्ची दिली.

खुर्चीवर बसल्यावर मात्र बाईंना रडू आलं. नवरा असताना जे रडू तिथे कामी आलं असतं, ते आता आलं.

पंचाहत्तर सालचा, आणीबाणीतला हिवाळा होता. शहर साफ करा म्हणून वरूनच हुकूम सुटत होते, आणि त्यात ही तक्रारही कुणीतरी उचलली. बाई शाळेतून आल्या तेव्हा लॉरी नुकतीच निघून गेली होती. टोपल्या नव्हत्या, वाळू नव्हती, गमछेवाला नव्हता. क्लबच्या पत्र्यांच्या जागी ओल्या विटांचे चार ठसे होते. फुटपाथ एवढा रुंद आहे हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

फाटकाशी निबारण बसला होता. पुढ्यात एक चेपलेली किटली. बाई थांबल्या. तो काहीतरी बोलेल, शिव्या देईल, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. त्याने उठून नमस्कार केला.

"टपरी नेली, काकीमा. बाकडंही नेलं. चौथराही पाडणार होते. एकाने कुदळ उचललीच होती." त्याचा शर्ट खांद्यावर फाटला होता. "मी आडवा पडलो. म्हटलं, माझं सगळं न्या, काकाबाबूंना हात लावायचा नाही. साहेबांनीही मग नमस्कार केला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला काय सांगायचं? पाडू द्यायचा होतास, असं ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं, "लागलं का फार?"

"नाही," निबारण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेला निघाल्या. फाटकापासून थांब्याच्या खांबापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. मधे फक्त सदाशिवराव उभे होते. निबारणने कुठून तरी झेंडूची माळ आणून फरशीवर घातली होती.

बाई चौथऱ्यापर्यंत आल्या. डावीकडे भिंत, उजवीकडे कड. त्यांनी मागे वळून बस येत नाही ना ते पाहिलं. कड उंच होती आणि हल्ली त्यांचाही गुडघा दुखत असे. आधाराला त्यांनी संगमरवरावर हात टेकला आणि खाली रस्त्यावर उतरल्या.