एकेचाळीस नंबरचा गहू आणि मी

मी बोलतोय, गव्हावरचा उजेड मोजणारा डबा. गोड बोलणं मला जमत नाही. पण काही माणसांचे उपकार आहेत माझ्यावर. फेडता येत नाहीत, निदान सांगतो.

१९७४ साली लोणावळ्याच्या त्र्यंबकरावांनी मला केलं. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बिस्किटाचा डबा आतून काळा रंगवला, उजेड पडला की वीज देणारी चकती बसवली, तोंडाला दोन काचा लावल्या. एक लाल, एक काळपट. वायरीच्या दुसऱ्या टोकाला सुईचं मीटर. तीनदा बिघडलो, तीनदा खोलून पुन्हा जोडलं. एकदाही शिवी दिली नाही. असा माणूस मिळत नाही.

करवून घेतलं तळेगावच्या अनसूयाबाईंनी. टाकव्याजवळच्या शेतावर त्या गव्हाचे नवे वाण निवडायच्या. साठ वाण, एकेकाची एकच ओळ. पुढल्या साली विहिरीचं पाणी दहाच वाणांना पुरणार, बाकीचे पन्नास कायमचे बाद. एवढ्याशा ओळीतल्या दाण्यांच्या वजनावर भरवसा कसला? अर्धं चिमण्याच खायच्या. म्हणून मी.

माझं काम सोपं. हिरवंगार पान लाल उजेड गिळतं, आणि माणसाला न दिसणारा एक उजेड माघारी फेकतं. एका काचेतून हा मोजायचा, दुसरीतून तो. लाल कमी आणि दुसरा जास्त, म्हणजे पीक अजून जोमात आहे, दाणा भरतोय. शहाणी माणसं एवढ्यावर तासभर बोलतात.

शेतावरचा गडी बहिरू मला बांबूला बांधून ओळीवर धरायचा, बाई आकडे लिहायच्या. भर दुपारी, कडक उन्हात. ढग आला की माझं बिनसायचं.

एके दिवशी शेवटच्या वीस ओळी मोजून झाल्या. बाई लगेच बाद वाणांना चिंध्या बांधायला लागल्या. एकेचाळीस नंबरला हात घातला, तशी खुरपणीची चिमाबाई आडवी आली.

"बाई, ह्यो बाद? डोळं झाकून निवडताय व्हय?"

"आकडा कमी आलाय, चिमाबाई."

"आकड्याला म्हणावं खुरपं घेऊन बस हितं! मी दोन म्हैनं बसलीया. ह्याच्यावानी दुसरा न्हाई."

मला राग आला. खुरपं धरणारी बाई मला खोटं पाडते! अनसूयाबाईंच्या हातात चिंधी तशीच राहिली. चिमाबाईचं ऐकावं, तर दुसरा कुठला तरी वाण बाद करावा लागणार.

तेवढ्यात चिमाबाईची नजर बहिरूवर गेली. त्याला सोमाटण्याला भाचीच्या लग्नाच्या सुपारीला जायचं होतं. म्हणून रोजची मळकी कापडं सोडून खळ घातलेलं पांढरंफेक धोतर नेसून आला होता.

"ह्या नवरदेवाकडं मला बघवंना उन्हात. डब्याला बरं बघवतंय!"

बाई थबकल्या. "भाऊ, घोंगडी पांघरा बरं."

"ह्या उन्हात? सुपारीला निघालोय बाई, मेंढरं राखाय न्हाई!"

"पांघर, मेल्या!" चिमाबाई ओरडली.

"पांघरतो, मावशी. पर चक्कर आली तर तूच उचल."

काळी घोंगडी पांघरून त्यानं मला पुन्हा एकेचाळीसवर धरलं. लाल काचेची सुई झर्रकन खाली आली. म्हणजे इतका वेळ गव्हाबरोबर मी धोतरही मोजत होतो! पत्र्याला लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

वीसच्या वीस ओळी पुन्हा मोजल्या. बहिरू घामानं निथळत होता, मला शिव्या घालत होता, पण बांबू हलू दिला नाही. एकेचाळीस दहांत आला.

पुढच्या साली मोठ्या वाफ्यांत पेरला. काट्यावर उतारा निघाला तो दहांत दुसरा. बियाणं राखून उरलेला गहू बाईंनी सगळ्यांना वाटला. दुसऱ्या दिवशी चिमाबाईनं चपात्या आणल्या. सगळे बांधावर जेवले. तिनं एक तुकडा माझ्या झाकणावर ठेवला.

"खा बाबा. चुकलास, पर पुन्यांदा इचारल्यावर खरं बोललास."

आता मी कपाटात असतो. लाल काच तडकलीय, सुई हलत नाही. शेतावर नवं चकचकीत यंत्र आलंय. त्याचा मला हेवा नाही. ते हातात धरणाऱ्यांना एकच सांगणं : ओळीत बसलेली बाई नाही म्हणाली, तर आकडा पुन्हा काढा. तुमचं काही जात नाही.

तो तुकडा मुंग्यांनी नेला. चव मला कळली नाही. पण झाकणावर तेलाचा डाग राहिला. सगळा गंजलोय मी, तेवढी जागा सोडून.