पणकाकांचा पण

...आणि दाबली की ती लांबट होते, सोडली की पुन्हा गोल, दाबली की लांबट, सोडली की... टेबलावरची ती काळी रबरी रिंग बोटांत खेळवताना आज सकाळपासून तिला एकदाही घड्याळाकडे बघावंसं वाटलं नव्हतं. बांगडीएवढी रिंग. पंपाच्या झाकणाखाली बसते, कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि ती नसली तर अख्खा पंप पाणी ओकतो. पंपाच्या कारखान्यात, खरेदी विभागात आल्यापासून तिनं पत्रा घेतला, तार घेतली, रंग, खोकी, खिळे, काय काय घेतलं. जीव जडला तो मात्र या रिंगेवर. कारण ही पणकाकांची रिंग.

रिंग बनवून देणाऱ्या म्हाताऱ्याला पणकाका हे नाव तिनंच ठेवलेलं, अर्थात त्यांच्या माघारी. कोणतीही अट सांगा, काका चष्मा कपाळावर चढवणार, चहाचा एक घोट घेणार आणि म्हणणार, "ते खरं ताई, पण..." आणि त्यामागून गाऱ्हाण्यांची रांग. यंत्र जुनं झालंय. कच्चं रबर महागलंय. थंडीत साचे तापायला वेळ लागतो. ती निम्मी गाऱ्हाणी उडवून लावायची, निम्मी मान्य करायची, दोघं भांडून भांडून दमायची, आणि शेवटी जे ठरायचं ते काका पाळायचे. एवढ्या वर्षांत एकदाही रिंगेसाठी काम अडलं नाही.

आज नवा करार होता. पुढची दोन वर्षं रिंग फक्त काकांकडूनच घ्यायची – दुसऱ्या पुरवठादाराला तिनं गोड बोलून नारळ दिला होता – आणि बदल्यात काकांनी दर उतरवायचा, शिवाय उशीर झाला तर दंड. "दंडाला म्हातारा कबूल होणार नाही," साहेब म्हणाले होते. "माझ्यावर सोडा," ती म्हणाली होती. हे वाक्य आपल्या तोंडी शोभतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा तर म्हणतो, तुझ्याशी बोलायच्या आधी आपला दूधवालासुद्धा घसा साफ करून घेतो.

हे आईकडून आलेलं. चादरींच्या दुकानात आई आपला भाव सांगून पाठ फिरवायची आणि लेकीचा हात धरून चालू लागायची, सावकाश, म्हणजे हाक ऐकू येईल इतपत सावकाश. "मागं बघायचं नाही," ती पुटपुटायची. हाक यायचीच... अहो बाई, या, घेऊन जा... आणि वळताना आईच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नसायचा, ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद असायचा. एकदा मात्र दुकानदारानं पहिल्याच बोलाला चादर बांधून दिली. घरी आल्यावर आई चादर उजेडात धरून म्हणाली, "लगेच दिली गं. भांडला नाही." ती चादर पुढे विटली की चांगली निघाली, हे तिला आता आठवत नाही.

काका आले, बसले. चहा आला. तिनं एकेक कलम वाचून दाखवायला सुरुवात केली. दर सांगितला.

"बरं," काका म्हणाले.

मग दंडाचं कलम. ते वाचून ती मुद्दाम थांबली, त्या शब्दासाठी जागा सोडून. उत्तरं तयारच होती, एकाहून एक बिनतोड.

"ठीक आहे, ताई."

"काका, दंड म्हणतेय मी."

"ऐकलं की. सही कुठं करू?"

सही करणाऱ्या त्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. रबराची काजळी काकांच्या नखांत कायमची. लग्नाच्या दिवशीसुद्धा निघाली नव्हती, ही त्यांचीच थट्टा. आज नखं स्वच्छ होती.

"साचे तापायला वेळ लागत असेल, या थंडीत?" तिनं विचारलं. वाट मोकळी करून दिली, अगदी गालिचा अंथरून.

"लागतो."

चहा तसाच राहिला. दाराशी काका थांबले तेव्हा तिला वाटलं, आता... आता म्हणतील. "येतो ताई. तब्येतीला जपा," असं म्हणून ते गेले.

मी जिंकले, ती स्वतःशीच म्हणाली. सगळ्या अटी, शब्दाला शब्द. या इमारतीत याहून चांगला करार कुणी केला नसेल, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही... मग खिडकीशी का उभी आहे मी? काका फाटकाकडे चाललेत, सावकाश, आणि मागं बघत नाहीत. थकले असतील, एवढंच असेल. सुनेनं बजावलं असेल, हात धुऊन जा म्हणून. किंवा यंत्र विकायला काढलं असेल... ज्याला माल द्यायचाच नाही त्याला दंडाची कसली भीती? भांडतो तो देणारा माणूस. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो शब्द म्हणजे काकांची पळवाट. शाळेत शिकलेला त्याचा दुसरा अर्थ तिला आत्ता, खिडकीशी उभं राहून आठवला – पण म्हणजे पैज, पण म्हणजे प्रतिज्ञा. म्हातारा दर वेळी शब्द देत होता, आणि आज त्यानं दिला नाही.

फोन वाजला. साहेब.

"काय, झाला का कबूल?"

"झाले. सगळ्या अटी."

"वा! हे तुम्हीच करू जाणे. पाठवा वर, माझी सही करून टाकतो."

करार समोर होता, काकांची सही अजून ओली वाटावी इतकी ताजी. 'पाठवते' म्हणायला तिनं तोंड उघडलं. बोटांतली रिंग दाबली गेली होती.

"हो साहेब, पण..."

"पण काय?"

काय सांगणार? की म्हाताऱ्याची नखं स्वच्छ होती? की तो भांडला नाही? साहेब हसतील. हसू देत. आवाज तिचाच होता, नेहमीसारखा ठाम. आणि पुढचं वाक्य काय असेल हे ठाऊक नसतानाही, आपण आज पहिल्यांदाच कुणाला तरी शब्द देतो आहोत, एवढं तिला स्पष्ट कळत होतं.