निळ्या दाराची अंगणवाडी

ढवळता ढवळता कांताबाईचा हात थांबला आणि खिचडी पातेल्याच्या बुडाला लागली. वरच्या आळीतल्या आनंदीच्या अंगणवाडीला नवी इमारत मंजूर झाल्याचं कुणीतरी दारातून सांगून गेलं होतं.

लोणी काळभोरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत आमची वस्ती. कांताबाई इथं पंधरा वर्षं अंगणवाडी चालवते आणि मी तिची मदतनीस. अंगणवाडी म्हणजे खताचं जुनं गोदाम, वर पत्रा. उन्हाळ्यात पोरं घामानं निथळतात. इमारतीसाठी तिनं सात अर्ज दिले होते. आनंदीनं एकच दिला.

बांधकाम सुरू झालं तशी कांताबाई रोज वाकडी वाट करून बघायला जायची. आल्यावर मला सांगायची, आज फरशी बसली, आज पोरांच्या उंचीचं बेसिन बसलं, भिंतीवर मोर काढलाय पण मान फार लांब झालीय, दाराला निळा रंग दिलाय. सांगताना तिचा आवाज असा बारीक व्हायचा, जसं कुणी तिच्याच घरातलं सामान उचलून नेतंय.

"पंधरा वर्सं मी राबले," ती म्हणाली, "आन् तिला येऊन सा वर्सं न्हाई झाली."

आनंदीनं पेढे आणून दिले. कांताबाईनं ते पोरांत वाटले, स्वतः कण चाखला नाही.

उद्घाटनाच्या आधी तालुक्याच्या कचेरीत बिननावाचा अर्ज गेला. जागा गायरानाची आहे, मोजणी झालेली नाही, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी चौकशी होईपर्यंत निळ्या दाराला कुलूप ठोकलं. आनंदीच्या अंगणवाडीची जुनी भाड्याची खोली तोवर मालकानं दुसऱ्याला दिली होती. चैत्राच्या उन्हात तिची पोरं नव्या इमारतीच्या ओट्यावर बसायला लागली. इकडं कांताबाई दोन दिवस पोरांना मोठमोठ्यानं गाणी शिकवत होती.

तिसऱ्या दिवशी आनंदी पोरांची रांग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. एक पोरगी तिच्या खांद्यावर मान टाकून होती.

"कांताताई, उन्हानं हिला उलट्या झाल्या. कुलूप निघंस्तोवर घ्या आमाला आत."

कांताबाईनं दार पूर्ण उघडलं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. पोरीनं डोळे उघडून विचारलं, "बाई, आमचा मोर कवा उघडनार?"

दुसऱ्या दिवशी कांताबाई कामावर आली नाही. दोन्हीकडची पोरं मी आणि आनंदीनं त्या गोदामात कशीबशी सांभाळली. संध्याकाळी कळलं, ती कचेरीत जाऊन अर्ज आपलाच आणि खोटा आहे, असं लिहून देऊन आली होती. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, वर नोटीस दिली. आठवड्यानं कुलूप निघालं. त्याच दिवशी ती आनंदीकडं गेली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मला ठाव व्हतं," आनंदी म्हणाली. "सायबानं अर्ज दाखवला व्हता. ट्रेनिंगला तुमच्याच वहीतनं उतरवून घेतलंय मी, अक्षर वळखणार न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमची इमारत झाली आस्ती, तर मीबी तेच केलं आस्तं."

मग दोघींनी बसून आमच्या अंगणवाडीसाठी आठवा अर्ज लिहिला. महिन्याभरानं उत्तर आलं, यंदाचा निधी संपला आहे, पुढील वर्षी विचार होईल.

कांताबाईनं कागद दोनदा वाचला, घडी घातली.

"पुढल्या सालीबी तुलाच काय मिळालं, तर मी पुन्ना जळणार. आत्ताच सांगून ठिवते."

"जळा की," आनंदी म्हणाली. "फकस्त अर्जाखाली सही करा."