भिंतीपलीकडे न जाणारा आवाज

मोठ्या कलावंताला परदेशातच आपला सूर सापडतो, असं म्हणतात. वसईच्या फेलिक्सदादाला सौदीतल्या दम्माममध्ये सापडली ती एसी दुरुस्तीची नोकरी. सूर त्याने सोबतच आणला होता. तरुणपणी जहाजावर एका ब्राझिलियन खलाशाने त्याला बोसा नोव्हा शिकवलं होतं. त्यात गिटार संथ लाटेसारखी डोलत राहते आणि गाणं शेजारच्याच्या कानात सांगावं इतकं हलकं असतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सौदीत तेव्हा उघड्यावर गाण्याला बंदी, त्यामुळे गाणंबजावणं चार भिंतींच्या आतच. कॅम्पमधल्या आमच्या खोलीत खिडकी लावून, दाराच्या फटीला टॉवेल खोचून तो गायला बसे. काचेवरची धूळ मावळतीला केशरी होई. अजान झाली की तो तारांवर तळहात ठेवी, आणि नमाज आटोपल्यावर नेमक्या त्याच ठोक्यावरून पुढे निघे. मधली शांतता गाण्यातलीच वाटे.

मग बहरीनच्या एका हॉटेलने त्याला एका गुरुवारी गायला बोलावलं. आवडलं तर कायमची नोकरी.

"पन्नाशी उलटली. आता नाही जमलं, तर मरताना मेकॅनिकच," तो मला म्हणाला.

"दादा, तिथं तरी तोंड उघड," आमच्या खोलीतला दापोलीचा सलीम म्हणाला. "आमाला अजून वाटतं तू नुसता गुणगुणतोस."

पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाकडे. "तुम गाना गाएगा, तो मेरा एसी कौन बनाएगा?" त्याने खरोखरच्या काळजीने विचारलं. मग सुस्कारा टाकून पासपोर्ट पुढे सरकवला. "यल्ला, जाओ."

मी त्याला गाडीने समुद्रावरच्या पुलावरून पलीकडे बहरीनला नेलं. हॉटेलात माईक समोर येताच त्याने तो सवयीने जरा दूर सारला. डोळे मिटले. टेबलांवरच्या गप्पा चालूच राहिल्या. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा वेटरने मला हळूच विचारलं, "साब, ये शुरू कब करेंगे?" मी मान खाली घातली. फेलिक्सदादाच्या चेहऱ्यावर मात्र, दाराला टॉवेल न लावता गाणाऱ्या माणसाचं सुख होतं.

माणूस गेल्यावर त्याचा आवाज मागे उरतो म्हणतात. फेलिक्सदादाचा आवाज तर तो समोर असतानाच इतका विरळ होता, की आज इतक्या वर्षांनी त्याचं असणं कुठे संपलं आणि आठवण कुठे सुरू झाली, हे मला सांगता येत नाही.

त्या रात्री मात्र हॉटेलने त्याला कायमचं ठेवून घेतलं. याच्या गाण्यात गिऱ्हाइकांना निवांत बोलता येतं, असं मॅनेजर म्हणाला.